एलिएसेरचे केस

रुवैसला पहाटे पाच चाळीसला
बसच्या काचांना बाहेरून घाम येतो.
गुलरेजखान वायपर चालवतो, थर्मासचं झाकण दातांनी उघडतो,
मी पिवळं जाकीट चढवून पायरीवर.
माझं काम मुलं मोजायचं, पट्टे लावायचं,
आणि बस रिकामी झाली की शेवटच्या बाकापर्यंत जाऊन
कोणी झोपलेलं राहिलं नाही ना, ते बघायचं.

तिसऱ्या थांब्यावर व्हेनेझुएलाची पोरं चढतात.
बाप रिफायनरीत, आया दारातल्या दिव्याखाली.
मुलगे धडधडत थेट मागे,
मुली पुढे, माझ्या हाताशी.
तसं कोणी सांगितलेलं नाही,
मीही कधी विचारलं नाही.
आमच्या एसटीत बायकांच्या सीटा पुढेच असायच्या.

युलिमार, वय नऊ, मला तिची भाषा शिकवते.
दरवाजा आमच्यात तो, त्यांच्यात ती.
चंद्र आमचा मामा,
त्यांची ला लूना, म्हणजे मावशीच म्हणायची.
हातसुद्धा त्यांच्यात ती!
समुद्रावर मात्र आमचं जमलं : तो.
‘आणि तिसरं?’ मी विचारलं. ‘ते?’
तिला कळेना.
ते लेकरू, ते पाखरू, ते वासरू,
मी बोटांवर मोजून दाखवलं.
‘तिथं राहतं कोण?’
म्हटलं, लहान असेपर्यंत सगळेच.

सोमवारी एलिएसेर टोपी घालून आला.
सहा वर्षांचा. परवापर्यंत खांद्यावर कुरळं जावळ,
दुकानात कुणी ‘काय गोड मुलगी’ म्हणालं की बाप गप्प व्हायचा.
आता टोपीखाली काही नव्हतं,
कानांमागे पांढरी कातडी, कधी ऊन न पाहिलेली.
पट्टा लावताना त्याचा ओठ थरथरायला लागला.
मागून थोरला भाऊ विल्मर ओरडला,
‘लोस ओम्ब्रेस नो योरान!’

मला अर्थ विचारावा लागला नाही.
हे वाक्य मीच बोलले आहे,
संगमेश्वरच्या स्टँडवर, बॅग टपावर चढत असताना :
‘मुलगी आहेस का रे, रडायला?’
शार्दूल सात वर्षांचा होता.
नळ पिळून बंद करावा, तसा थांबला.
मला तेव्हा बरं वाटलं होतं.
निघता आलं.

एलिएसेरनं कंपासपेटी उघडून दाखवली.
आत दोन पेन्सिली, एक खोडरबर,
आणि बिस्किटाच्या कागदात गुंडाळलेली एक बट.
बंद केली. पुन्हा उघडली. आहे का बघितलं.
मग त्याला आवरेना.
युलिमारला त्यातही शिकवणी सुचली,
त्याच्या गालाकडे बोट करून म्हणाली,
‘ला लाग्रिमा. ती. तुमच्यात?’

मी तोंड उघडलं आणि अडकले.
अश्रू.
तो अश्रू.
एवढं आयुष्य हा शब्द बोलले,
कानांनी कधी ऐकला नव्हता.
‘आमच्यात पुरुष असतो,’ मी म्हटलं.
ती खदखदून हसली, वळून ही बातमी मागच्या बाकांना दिली.
विल्मरनं हेडफोन कानांवर घट्ट ओढले.
आणि गुलरेजखाननं, जो तीन वर्षं पेशावरला गेलेला नाही,
आरसा थोडा वर केला,
कोणीच दिसू नये इतका.

शुक्रवारी फोन.
शार्दूल आता अकरा वर्षांचा.
जेवलास? हो.
करमतं का? हो.
काही पाठवू? नको.
माझ्याच तालमीत तयार झालेलं पोर, शब्द वाया घालवत नाही.
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत
आभाळाला उगाच चाटत होती.
मी म्हटलं, अरे ऐक, अश्रू या शब्दाचं लिंग काय?
तो थांबला.
परीक्षा जवळ आलीय, अभ्यासाचं वाटलं असेल.
‘पुल्लिंग,’ म्हणाला.
बरोबर.
‘का गं?’

किती महिन्यांनी
त्यानं मला काही विचारलं.